क्रमी गायीची वारसदार

मी, निनियन पर्व्हस, धंदा विणकाम, वय तेवीस, राहणार थॉर्नबर्न, देवाला स्मरून लिहितो की मी पूर्ण शुद्धीवर आहे. ताप नाही, बिअर घेतलेली नाही. थंडी आहे, आणि थोडी भीतीही.

शेजारच्या विधवा एल्स्पेथमावशीवर चेटकाचा आरोप आहे. उद्या चर्चमध्ये पंचांपुढे मी तिच्या बाजूने बोलणार आहे. पंचांपैकी एक माझे गिल्बर्टकाका. ते म्हणाले, "तोंड उघडलंस तर तुलाही तिच्याशेजारी बांधतील." म्हणून हे मृत्युपत्र.

देह आईशेजारी पुरावा. काकांच्या राखीव जागेजवळ नको. ते मेल्यावरही उपदेश करतील.

माग आणि धोटे बहीण जोनेटला. पायाने दाबायची डावी पावडी अडते. तिच्यावर ओरडू नये, तेल द्यावे.

रविवारची टोपी काकांना. उसनी नेल्यापासून ती त्यांच्याच डोक्यावर आहे, तेव्हा शोधावी लागणार नाही.

क्रमी गाय एल्स्पेथमावशीला. याचा खुलासा करतो. उन्हाळ्यात माझी क्रमी काकांच्या वाटाण्याच्या शेतात शिरली आणि वाटाणे खाऊन ढोलासारखी फुगली. जिच्यावर चेटकाचा संशय, तिच्या दारी जाऊन देवाच्या नावाने तीनदा जनावराचे आरोग्य मागायचे, ही आमच्याकडची रीत. काकांनी मला मावशीकडे पिटाळले.

मावशी म्हणाली, "मेल्या, गाय फुगलीय की तुझं डोकं? टेकडीवर चालव तिला!"

तरी मी तीनदा मागितले.

"बरं बाबा, देव तिला बरं करो. आता हो चालता!"

मग मावशीने सांगितल्याप्रमाणे टेकडीवर चालवली, तेव्हा क्रमीने असा वारा सोडला की मागे उभ्या काकांची (म्हणजे माझी) टोपी उडाली. गाय बरी झाली. पंचांकडे एवढाच पुरावा आहे: मावशीच्या शब्दाने बरी झाली, म्हणजे आजारही तिनेच घातला. वाटाण्यांचे नाव कोणी काढत नाही. ते मी काढणार आहे.

कबुली मिळावी म्हणून मावशीला कोठडीत झोपू देत नाहीत. काल खिडकीतून भाकरी दिली, तर म्हणाली, "निन्या, मला चेटूक येत असतं, तर आधी तुझे लटपटणारे पाय बरे केले असते."

अट एकच. क्रमीचा दोर मावशीने स्वतःच्या हाताने धरून न्यावा; म्हणजे आधी तिला सोडावे लागेल. तोवर वाटाण्यांच्या भरपाईपोटी काकांनी गायीला हात लावू नये. मी सुखरूप परतलो तर हा कागद रद्द. गाय तरीही तिचीच.

थॉर्नबर्न, लोदियन. ४ नोव्हेंबर १६६१.
सही: निनियन पर्व्हस

साक्षीदार:
१. पॅट्रिक डन्स, गिरणीवाला (सहीऐवजी फुली)
२. गिल्बर्ट पर्व्हस, काका. डोळे अधू असल्याने टोपीचे कलम तेवढे वाचून दाखवले. खूश होऊन सही केली. गायीचे कलम, वाटाण्यांसकट आणि त्यांच्या सहीसकट, उद्या चर्चमध्ये सर्वांसमोर वाचून दाखवीन.