टँकर न गेलेले पाडे

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. पाणीटंचाईच्या अहवालात आमचा पाडाच नाय! ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरची क्वेरी, म्हणजे आकडे काढायची आज्ञा, नुसत्या टँकरच्या फेऱ्या मोजते. जिथे टँकर गेलाच नाय, त्या पाड्याची ओळच येत नाय. अंगणातून तानसा धरणाचं पाणी दिसतं, अहवालात आमी दिसत नाय.

आज मी आधी सगळ्या पाड्यांची यादी घेतली, तिला फेऱ्या लेफ्ट जॉइनने जोडल्या, म्हणजे फेरी नसली तरी पाड्याची ओळ राहते. सात पाडे शून्य घेऊन समोर उभे राहिले. त्यात आमचाही.

साहेब म्हणाले, "ती शून्यं काढ. अहवाल वर जायचाय."

काढली मी! का काढली? कंत्राटी आहे म्हणून?

घरी आई रिकाम्या हंड्यापाशी बसलेली. "आपल्या पाड्याचं नाव लावलंस ना गो?"

हो म्हटलं. खोटं कुठे? दहा मिनिटं होतं की नाव यादीत!