उजव्या बाजूची शीळ

१२ ऑक्टोबर १९५०, हर्सूल
आले एकदाची! पोलीस अ‍ॅक्शननंतर इथं मुलींची मराठी शाळा निघाली आणि पुण्याहून मी आले, पहिली मास्तरीण. खोली सारजाबाईंच्या घरी मिळाली. एकट्याच राहतात, पण बोलतात दहा जणींचं. आल्या आल्या त्यांनी दौलताबादची सीताफळं पुढ्यात ठेवली. मग ओसरीवरून बिया लांब उडवायची शर्यत! मला इतकं हसू लोटलं की जोराचा ठसका लागला, जीव घाबरा झाला. हसत हसत खाऊ नाय बाई, म्हणत त्यांनी पाठ चोळली. शर्यत त्याच जिंकल्या. त्यांना अक्षरओळख नाही. उद्यापासून शिकवणार आहे.

२३ ऑक्टोबर
मुली गोड आहेत, पण कविता म्हणताना मला धाप लागते. खोकलाही आहे. सारजाबाई आज चिडून विचारत होत्या, तिन्हीसांजेला घरात शीळ कोण घालतंय म्हणून. घरात आम्ही दोघीच.

४ नोव्हेंबर
शीळ माझ्याच छातीतून येते. शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला दमा आहे का. आईला होता, म्हटलं. पुढं त्यांनी काही विचारलंच नाही. गोळ्या दिल्या. आई दम्यानंच गेली. फार भीती वाटते.

१९ नोव्हेंबर
गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. आईची छाती दोन्हीकडे वाजायची, माझी फक्त उजवीकडे. कुशीवर वळलं की आत काहीतरी सरकतं. सारजाबाई आता आपलं नाव वाचतात. पुढची अक्षरं शिकवायला मला श्वास पुरत नाही.

२७ नोव्हेंबर, सकाळ
खोकताना आतून गळ्याशी खट्‌कन काहीतरी आपटलं. परत खाली गेलं. दमा आपटतो?

दुपार
सारजाबाई बाजारात गेल्यात. ओसरीच्या कोपऱ्यात एक काळी बी सापडली, आमच्या शर्यतीतली. तो ठसका — देवा, दमा नव्हेच हा! त्या आल्या की टांगा —

आपटलं. खाली जात नाही. आवाज फुटत नाही —

आल्या. बी दाखवली. म्हणाल्या, सीताफळ लई थंड, दम्याला चालत नाय. फेकून दिली. छातीला तेल चोळतायत —

सारजाबाई, घशात बी अडकलीय, डॉक्टर आणा

वही त्यांच्यापुढं धरली. बोट ठेवून वाचलं — स्वतःचं नाव. हसल्या. पुढची अक्षरं अजून