भोंगा आमच्याकडे, पेटी त्यांच्याकडे

१२ नोव्हेंबर २००५, मूर्तिजापूर

पक्ष फुटला! मोठ्या पक्षातून फुटून आमचा हा एवढासा झालेला — त्याचेही आज दोन. भांडण कशावरून, तर मध्यम शेतकरी आपला मित्र की तात्पुरता मित्र? आमचे हे सरचिटणीस. हे म्हणतात, मित्र. शेजारचे कुर्बानभाई म्हणतात, तात्पुरता. दुपारभर तेच!

चहा अर्थात मीच केला. आमच्यात उमेदवार सभासदानं चहा करायचा, आणि मी सात वर्षं उमेदवारच. मत नाही, माईक नाही. एकदा तरी माईकवर बोलायचंय मला! आज पुन्हा विचारलं. हे म्हणाले, "शालू, तुही तयारी अजून झाली नाई." अशी चिडले!

१३ नोव्हेंबर

वाटणी झाली. लाउडस्पीकरचा भोंगा आम्हाला, आवाजाची पेटी कुर्बानभाईंना. दोन्ही पक्ष मुके! हसून हसून पोट दुखलं.

१७ नोव्हेंबर

कापूस वेचणीचा दर वाढवायला मालक तयार नाहीत. उद्या बाजारात मजूर बाया जमणार. पाठिंबा दोन्ही पक्षांचा, पण एकत्र सभा? छे! तत्त्वाचा प्रश्न!

भिंतीवरून खुर्शीदबी डोकावली. कुर्बानभाईंची बायको — तीही उमेदवारच. म्हणाली, "यायले भांडू दे वं. मी पेटी आणते, तू भोंगा आण."

१८ नोव्हेंबर

बोलले!!! आधी नुसतंच "हॅलो, हॅलो" केलं. खुर्शीदबीनं चिमटा काढला, मग सुटलेच — "दर वाढल्याबिगर कोनी वावरात पाय ठेवू नका!" माझा आवाज, पार स्टेशनापर्यंत! बाया उठून उभ्या राहिल्या. आनंदानं रडूच आलं.

१९ नोव्हेंबर

ह्यांनी मला पक्षातून काढलं, कुर्बानभाईंनी तिला. विरोधकांशी हातमिळवणी केली म्हणे! खुर्शीदबी म्हणते, "बरं झालं, चहा तं सुटला."

२४ नोव्हेंबर

दर वाढला! संध्याकाळी अंगणात बाया मावेनात. वेचणीवाल्या इंदूबाईनं विचारलं, "तुमच्या पक्षात यायचं तं काय करा लागते?"

आमचा पक्ष? आम्हाला तर दोन्हीकडून काढलेलं!

"बसा तं आधी," खुर्शीदबी म्हणाली.

२ डिसेंबर

हे आणि कुर्बानभाई, दोघंही आमच्या पक्षात यायचं म्हणाले. बायांनी हात वर करून घेतलं — उमेदवार म्हणून. चहा करायला दोघं आत गेलेत. आतून हाक, "शालू, साखर कुठं ठेवली वं?"

सात वर्षं ह्याच घरात बैठका!

म्हटलं, "कामरेड, तुमची तयारी अजून झाली नाई."