चटईच्या घडीतली गोळी

कोकिळा,
सकाळी मला सांगितलंस ते बरं केलंस. आता रडू नको. दिवस राहू नयेत म्हणून आणलेली गोळी पाळीत बाजूला बसायच्या चटईच्या घडीत आहे. त्या चटईला आई हात लावत नाहीत. लगेच घे, उशीर झाला की उपयोग कमी होतो. ती घेतली की पुढे मूल होत नाही हे मैत्रिणीचं ऐकू नको, तुझ्या वयातही ती चालते. उलटी झाली तर माझ्या शाळेत फोन कर, मी वर्गावर असले तरी येईन. पाळी लांबली तर डॉक्टरीणबाईंकडे जाऊ.

बुधवाऱ्यातल्या मेडिकलवाल्यानं डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही, पण विचारलं, "वहिनी, कोणासाठी?" मी म्हटलं, माझ्यासाठी. घरात कळलं तर तूही तेच सांग. आईंना नातू हवाय, माझ्यावर आदळआपट करतील. करू दे. तुझं कॉलेज सुटायला नको.

सुलभावहिनी