बिनखाचांचे टायर

दि. ४ ऑगस्ट

पोरगी रविवारपासून तुझ्या गाडीत पाय ठेवत नाही, शाळेत चालत जाते, आणि हे मला तुझ्या बायकोच्या पत्रातून कळतं. तुझे हात काय भाड्यानं दिलेत?

चि. नातवास आशीर्वाद, लायकीपुरते.

मी बरी आहे. गुडघा रुसलाय, त्याचं ते नेहमीचंच. तुझी बायको लिहिते, काही विचारलं की बुटकी तोंडाला कुलूप लावते. झोपेतसुद्धा बडबडणारी माझी पणती गप्प बसली, म्हणजे कशाला तरी घाबरलीय. आणखी लिहिते, शर्यतीसाठी तू ताटासारखे गुळगुळीत टायर घेतलेस. त्याच गाडीनं कामावर जातोस, पोरीलाही सोडतोस. मी शाळेची पायरी जेमतेम चढले, तेव्हा मला कळेल असं लिही.

तुझी आजी

दि. ९ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. बुटकीचा हट्ट आहे, जाईल. टायरचं सांगतो. त्या गुळगुळीत टायरना स्लिक म्हणतात, त्यांना खाचाच नसतात. शर्यतीच्या कोरड्या सरळ पट्टीवर, तापले की, डिंकासारखे चिकटतात. पाण्यात मात्र घसरतात. ड्रॅग रेडियलला थोड्या खाचा असतात, ते रस्त्यावरही चालतात, पण शर्यतीत गाडी किंचित मागे पडते. त्या किंचितपायी मी सारखा हरायचो. गॅरेजमधले माझ्या गाडीला बाबागाडी म्हणायला लागले. म्हणून मागच्या दोन चाकांना स्लिक घेतले.

रस्त्यावर ते वापरत नाही. रेडियलवर जातो, स्लिकची चाकं मागच्या सीटवर टाकून नेतो, तिथं बदलतो, येताना पुन्हा बदलतो. डिकीत ती मावत नाहीत, आणि वजन कमी करायला पुढची दुसरी सीट मी काढून टाकलीय.

त्या रविवारी बुटकीलाही शर्यतीला नेलं आणि पहिल्यांदा जिंकलो. येताना बुटकी मागं पाय पसरून गात होती. वाटेत सर आली, गाडी जरा हलली, एवढंच.

काळजी कमी कर, माया तेवढीच ठेव.

तुझा नातू

दि. १३ ऑगस्ट

चि. नातवास,

शहाण्या, खोटं बोलायचं तर जुळवून तरी बोलावं. पुढं सीट नाही, डिकीत चाकं मावत नाहीत, मागं दोन चाकं. मग पोरीनं पाय पसरले कुठं? तिला जागा करायला खाचांची चाकं घरी ठेवलीस आणि गुळगुळीत चाकांवर जाऊन आलास. पावसात, पोर मागं असताना.

म्हणे जरा हलली. किती हलली ते त्या पोरीला माहीत. आणि आईला सांगू नकोस असं तिला कोणी बजावलं, तेही मी ओळखते. स्वतःची भीती एवढ्याशा जिवाच्या गळ्यात बांधलीस.

शर्यत सोड म्हणत नाही, तू ऐकणारा नाहीस. पण ते स्लिक आजच काढ आणि विकून टाक. हरलास तर हर. बाबागाडी म्हणाले तर म्हणू देत, आत पोर बसतेच ना. मग बुटकीला जवळ घे आणि आईला सगळं सांग म्हणून स्वतःच्या तोंडानं सांग. हे पत्रही बायकोला तूच वाचून दाखव, मधली ओळ न गाळता.

जीव आहे तुझ्यावर, म्हणून शिव्या इथंच थांबवते.

उत्तर तू लिहायचं नाहीस. बुटकीनं लिहायचं, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. पाकीट तिची आई चिकटवेल. तू हात लावायचा नाही.

आजी