टोपड्यावरची वेणी

चैत्र शुद्ध दशमी, शके १८६६ — उमरगा

पडली! परत पडली! ताकाच्या डेऱ्यातच जायची, गिरिजामावशीनं वरच्यावर झेलली म्हणून ताक वाचलं. तिचंच जुनं गंगावन, खोट्या केसांचं, फडक्यानं माझ्या डोक्याला बांधून बघत होतो.

लग्न वैशाखात, आणि नवरीची वेणी चैत्रातच डोकं सोडून पळायला लागली. नीलम्मा, तुझं काही खरं नाही बाई!

माघात विषमज्वर आला. जीव वाचला, केस गेले. रोज सकाळी उशीवर मूठभर. राहिलेले वैद्यांनी उतरवायला लावले. "येतील परत," म्हणाले. कधी ते मात्र बोलले नाहीत. अव्वानं आरसा माळ्यावर टाकलाय, आईचा जीव तिचा, पण पितळी परातीत दिसायचं ते दिसतंच — काढणी झालेलं ज्वारीचं रान, मधे मधे धसकटं.

हसू येतं. मग जळकोट आठवतं आणि हसू जातं. दिवाळीत तिथल्या नागम्मा, म्हणजे होणाऱ्या सासूबाई, मला बघायला आल्या होत्या. स्वैपाक येतो का, शिवण येतं का, काही विचारलं नाही. वेणी हातात घेतली, भाजी घेताना तोलतात तशी तोलली, आणि अव्वाला म्हणाल्या, "सावळी हाय, असू द्या. असं केस आमच्या खानदानात कुणाला न्हाईत." झाला साखरपुडा! नवऱ्या मुलाचं नाव शांतलिंग. त्यांनी माझं तोंड बघितलं असेल का, देव जाणे. बिचाऱ्यांनापण वेणीच दाखवली.

अव्वा म्हणते, कळलं तर लग्न मोडणार. मोडलेल्या सोयरिकीच्या पोरीला परत कोण विचारतंय? माझ्यामागं धाकटी आहे, तिचंही अडेल. म्हणून जळकोटला तापाचंसुद्धा कळवलेलं नाही. अप्पा दुकानातून येतात, जेवतात, आणि माझ्याकडं न बघता परत जातात.

चैत्र शुद्ध द्वादशी

मावशीनं बाजारातून नवं गंगावन आणलं. एक नव्हे, तीन! विकणारी बाई म्हणाली, "एवढं कुणाला लागतंय?" मावशी म्हणाली, "नाटकाला." खोटं तरी कुठं बोलली?

गंगावन आपल्या केसांत गुंफायचं असतं. गुंफायला केस तर हवेत! म्हणून मावशीनं आधी टोपडं बेतलं. त्याच्यावर बटा टाचायच्या, खालून वर, कौलं घालतात तशा. मधे भांग, मागं वेणी. लढाईमुळं मलमल कंट्रोलात, मिळता मिळेना. शेवटी अप्पांचा डोक्याचा जुना रुमाल फाडला. म्हणजे नवरदेव फेट्यात आणि नवरी बापाच्या रुमालात. ह्यांतली नवरी कुठली, ते लग्न लावणाऱ्या स्वामींना विचारूनच घ्यावं लागेल.

टोपड्याला बंद आहेत, ते कानामागून घेऊन मानेवर बांधायचे. सैल बांधले तर वेणी पळते. घट्ट बांधले तर मी पळते.

चैत्र पौर्णिमा

आज डिंक. बाभळीचा, कोमट पाण्यात भिजवून. मावशीनं कपाळाच्या कडेनं चांगला लपालपा लावला. वाळला तसं कपाळ जे ताणलं, भुवया वर गेल्या त्या खाली येईनात! दिवसभर मी चकित! धाकटी विचारते, "अक्का, काय झालं ग?" काय सांगू?

एरंडेल लावून काढला. थोडी कातडी त्याच्याबरोबर गेलीच.

अव्वा बाजूला बसून सगळं बघत होती. मग उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

चैत्र वद्य तृतीया

लग्न म्हणजे काय असतं? अक्षता, मंगळसूत्र, जेवणावळ — छे! लग्न म्हणजे निव्वळ वाकणं. स्वामींना वाका, सासऱ्यांना वाका, चुलत्यांना वाका, वाड्यावस्तीवरून आलेल्या प्रत्येक म्हातारीला वाका. आणि प्रत्येक वाकण्याला वेणी बोटभर पुढं येते. दहाव्या म्हातारीला मला दिसायचंच बंद होणार.

मावशीनं तोड काढली. मान वाकवायची नाही. गुडघ्यातून बसायचं, पाठ ताठ, नजर समोर, हात पायाला. आज परसात सराव केला. आंब्याला नमस्कार, पाणी तापवायच्या हंड्याला नमस्कार, म्हशीला नमस्कार. म्हशीनं आशीर्वाद दिला नाही.

चैत्र वद्य पंचमी

आज दिवसभर टिकली. मी नाही टिकले. खाजवून खाजवून जीव गेला!

चैत्र वद्य नवमी

अव्वाला म्हटलं, सांगून टाकू या. केस गेलेत, परत येतील, पटत असेल तर या, नाहीतर राहू द्या.

"जीभ हासडीन," म्हणाली. हातात लाटणं होतं, म्हणून मी परसात सटकले.

पण मला हे पेलत नाही. डोक्यावरचं एक वेळ पेलेन. कुणी विश्वासानं घरात घेतंय, आणि मी त्या घरात जन्मभर डोक्याला हात लावू न देता नांदायचं? आणि कळलं म्हणजे? सोयरीक मोडलेली पोर निदान बापाच्या घरी असते. परत धाडलेली पोर कुठलीच नसते. हे अव्वाला बोलले नाही. तिला काय ठाऊक नाही होय?

वैशाख शुद्ध चतुर्थी

उद्या. टोपडं धुवून दोरीवर घातलंय, वरून अव्वाची चोळी टाकून. दोघींची अब्रू एकाच दोरीवर वाळतेय.

वैशाख शुद्ध षष्ठी — जळकोट

झालं! लग्न झालं! वेणीसकट झालं!

आता सगळं लिहिते. सासूबाई शेजारणीकडं गेल्यात, तेवढीच सवड.

काल सकाळी सुरगी, लग्नाआधीची अंघोळ. चार कोपऱ्यांना चार तांबे, भोवती सुताचे वेढे, मधे पाटावर आम्ही दोघं, आणि सुवासिनी डोक्यावर पाणी घालणार. म्हशीच्या, आंब्याच्या नादात आम्ही तिघी ह्या पाण्याला साफ विसरलो होतो! वाकायचा सराव, बसायचा सराव, आणि भिजायचा? कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मावशीचं तोंड पांढरंफटक. "ताप येऊन गेलाय, डोक्यावर पाणी नको," असं म्हणायची सोय नाही, कारण ताप आम्हीच लपवलेला. घ्या!

पहिला तांब्या. टोपडं प्यालं. दुसरा तांब्या. आणखी प्यालं. तिसऱ्याला वेणी भिजून जड झाली आणि सगळा डोलारा मागं निघाला. मी काय केलं? पदर गच्च धरला, पदराखाली वेणी धरली, आणि डोळे मिटले. बायका म्हणतात, "काय पोर हाय! पाण्यात पण पदर सुटत न्हाई!" सासूबाईंची छाती अशी फुगली! आणि शेजारून ते — आता 'हे' लिहायला हवं — हे माझ्याशी जन्मात पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "पाणी लई गार हाय."

मी म्हटलं, "व्हय."

झालं आमचं प्रेमाचं बोलणं.

मग मावशीनं मला कोठीत ओढलं, टोपडं काढलं, धोतरासारखं पिळलं, आणि ओलंच परत चढवलं. वाळवायला वेळ कुठला? बंद ओले, म्हणून जास्तच आवळले. डिंक दुप्पट. वरून जळकोटहून आलेली कळ्यांची जडी, शेरभर तरी असेल. सासूबाईंनी स्वतः वेणीवर टाचली. सुई टोपड्यातून आत लागली. मी हूं की चूं केलं नाही. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणतात, "माहेर सुटतंय न्हवं, रडू द्या."

स्वामींनी कपाळाला विभूती लावली. डिंक अजून ओला! विभूती अशी धरली की केसांच्या कडेनं ह्या कानापासून त्या कानापर्यंत पांढरा काठ उमटला. एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "पोरगी लई भक्तिमान दिसती." मग नमस्कार. म्हशीपुढं केले तसेच, मान ताठ. सासरे म्हणाले, "चाल बघा, सरदाराच्या लेकीवाणी."

म्हणजे पदर न सोडणारी, भक्तिमान आणि सरदाराची लेक. अंगावर माझं स्वतःचं म्हणून काही उरलंच नाही.

निघताना अप्पा गाडीपाशी आले. माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी! टोपड्याची कड दिसत होती की काय, कोण जाणे, पदर पुढं ओढून दिला आणि गाडीवानाला म्हणाले, "हळू हाक." मी लई रडले.

वैशाख शुद्ध अष्टमी

इथं सगळ्या बायका एकाच सोप्यात निजतात. टोपडं काढायला जागा नाही. न्हाणीघराला दार नाही, गोणपाट आहे. आतून ओलं होतं ते तसंच अंगावर वाळलं. आता खाज नाही, ठणका आहे.

सासूबाई वाईट नाहीत, हीच तर अडचण. मला ताटातलं तूप जास्त वाढतात. गल्लीत सांगत सुटल्यात, "माझी सून म्हणजे..." आणि पुढं केसांची तारीफ. वाईट असत्या तर फसवायला बरं वाटलं असतं.

वैशाख शुद्ध दशमी

मानेवर हात लावला तर बोटाला पू. पदराला वास येतोय. शेवयांवर नाही इतक्या माश्या माझ्यावर. सासूबाई वारा घालतात आणि म्हणतात, "गोड हाय पोर, म्हणून बसत्यात."

पुनवेला त्या मला स्वतः न्हाऊ घालणार आहेत. शिकेकाई दळून ठेवलीय. "हे केस माझ्या हातानं धुवायचे, दिवाळीपासनं मनात हाय माझ्या," म्हणाल्या.

वैशाख शुद्ध एकादशी

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "माहेरची सय येती का?" म्हटलं, "व्हय." लग्नाच्या दिवसापासून मी त्यांना तोच एक शब्द बोलतेय, आणि तो पण खोटा.

वैशाख शुद्ध द्वादशी

सांगितलं.

सकाळी सासूबाई चुलीपाशी एकट्या होत्या. तांदूळ निवडत होत्या. मी पुढं बसले. बोलायचं काय काय ठरवलं होतं — ताप आला, अव्वाचा दोष नाही, माझाच म्हणा. ते सगळं बाजूलाच राहिलं. मग पदर काढला आणि बंद सोडायला गेले. सुटेनात. पुवानं आणि डिंकानं सगळं एकजीव झालेलं. ओढलं. निघालं ते कातडी घेऊनच निघालं. तांदळाच्या सुपाशेजारी ठेवलं. जडीच्या वाळक्या कळ्या अजून तशाच त्याला.

सासूबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्या डोक्याकडं. त्यांचा चेहरा मी पुरता बघू शकले नाही.

"कवापासनं?"

"माघापासून. ताप आला होता."

"तुझ्या आईला ठावं हाय?"

"व्हय."

हा 'व्हय' तेवढा खरा.

त्या उठल्या. सूप तिथंच. टोपडं दोन बोटांनी उचललं, चुलीत घातलं. मग दारात जाऊन एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, "शांतलिंगा! गाडी जुंप! आत्ताच्या आत्ता!"

माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

ट्रंक भरलीय. हिरवं लुगडं, दोन चोळ्या, फणी. फणी कशाला आणली होती कुणास ठाऊक! बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. उमरग्याला दारात उतरल्यावर अव्वाला काय म्हणू? धाकटीचं काय होईल? अप्पा परत माझ्याकडं बघायचे बंद होतील. मी सांगायला नको होतं. नाही, सांगायलाच हवं होतं. पण भीती वाटते, लई भीती वाटते. हाक आली. जाते.

द्वादशीच, संध्याकाळ

गाडीत बसले, ट्रंक मांडीवर. सासूबाई पण चढल्या, माझ्या अगदी शेजारी, आणि आपल्या पदराची सावली माझ्या उघड्या डोक्यावर धरून बसल्या. वाटलं, अव्वाला जाब विचारायला येतायत. गाडी सडकेला लागली आणि नळदुर्गाकडं वळली. ह्यांची वाट चुकली म्हणून भीत भीत म्हटलं, "उमरगा तिकडं राहिलं."

"ठावं हाय. दवाखाना इकडं हाय," म्हणाल्या. "डोक्यात किडं पडस्तवर गप बसणार हुतीस व्हय? आन् ही ट्रंक कशाला घेतलीस ग? दवाखान्यात नांदायचंय का?"