सतरावा प्रश्न

८ जाने. १९९०, सोम.
आज पाहणीसाठी खारबाव गाव. फॉर्म नं. ३७ चा पत्ता सापडला, पेशंट नाही. रझिया, वय २२. फिट येतात, अकराव्या वर्षापासून आमच्याच दवाखान्याची गोळी. लग्न होऊन आता भिवंडीत. आई दारातच म्हणाली, "सासरी कोनाला ठाऊक न्हाय. तिथं पाय टाकू नको बाई. शुक्रवारी इकडं येते, तवा ये."
तिला समजावलं. डॉ. मॅडमना एवढंच शोधायचंय की फिट येणाऱ्यांतले किती जण मनाने खचतात, आणि कशामुळे. आजारामुळे, गोळीमुळे की लोकांमुळे.
"लोकांमुळं. लिही आन जा."

१२ जाने., शुक्र.
रझिया भेटली. बारीक, बोलता बोलता डोळे मिटणारी. आधी नेहमीचं वाक्य वाचलं: तुमची उत्तरं घरच्यांना कळणार नाहीत. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. गोळ्या रव्याच्या डब्यात लपवते. नवरा सलीम, कापडाचे चार लूम आहेत. स्वभावाने वाईट नाही म्हणाली, "पण मला आळशी समजतो."
सोळा प्रश्न सरळ गेले. सतरावा: जगणं संपवावं असं कधी वाटतं का?
हसली. "लिहा ना, हो."
कधी?
"रोज. तांदूळ निवडतानापण येतो तो विचार."
माझं पेन थांबलं. कधीपासून, विचारलं. गेल्या पावसाळ्यात महिनाभर माहेरी होती, तेव्हा फिट वाढल्या, गोळी दुप्पट केली, त्यानंतर.
निघताना तिने माझं मनगट धरलं. "ताई, वाचून दाखवलंय तुम्ही."

१३ जाने., शनि.
ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, सतराव्याला 'हो' आलं की त्याच दिवशी मॅडमना कळवायचं. काल चार वेळा फोन, आज तीन वेळा. मुंबईची लाईनच लागत नाही. मॅडम इथे येणार थेट गुरुवारी.
हे म्हणतात, "तू फॉर्म भरायला आहेस. भरलास ना?"

१४ जाने., रवि.
मानकोलीला नणंदेकडे संक्रांत. रझिया आज काय करत असेल?

१५ जाने., सोम.
फोन लागला! मॅडम म्हणाल्या, "तिला एकटं ठेवायचं नाही. घरात कोणाला तरी सांगा."
"सासरी सांगितलं तर फिटचंही कळेल."
"मग जिच्यावर तिचा विश्वास आहे तिला सांगा. गोळी एकदम बंद करू देऊ नका, धोका आहे. गुरुवारी घेऊनच या."
तशीच खारबावला. आईला बाजूला घेऊन सांगितलं. ऐकून उठली, माठातलं पाणी प्यायली, परत बसली. "माजी पोर येडी न्हाय."
म्हटलं, वेडी कोण म्हणतंय? ताप आला की अंग दुखतं ना, तसं. मेंदूच्या आजारात मनही दुखतं, कधी औषधानेही दुखतं.
"तिला लपवायला मीच शिकवलं," म्हणाली. उद्या तिला आणायला जाते म्हणाली. जाईल का?

१६ जाने., मंगळ.
माझ्या हातून काय झालं हे!
आईवर भरवसा नव्हता म्हणून स्वतःच गेले तिच्या सासरी. शिवणक्लासची बाई म्हणून. घराला लागूनच लूमचा गाळा, इतका खडखडाट की कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. सासू पलीकडे लसूण सोलत होती. तिला ऐकू जाणार नाही, हीच माझी हिंमत.
ओरडून म्हटलं, "गुरुवारी मॅडमकडे यायचंय. फिटच्या..."
आणि लाईट गेली. सगळे लूम एकदम बंद. 'गोळ्या किती उरल्या' त्या शांततेत पडलं. अख्ख्या घराने ऐकलं.
सासूच्या हातातला लसूण तसाच. "कसल्या गोळ्या?"
रझियाने माझ्याकडे पाहिलं नाही. गाळ्यातून सलीम आला, हाताला तेल. फिटचं तिने स्वतःच सांगितलं त्याला, अकराव्या वर्षापासूनचं. दोन वाक्यांत.
सासू म्हणाली, माहेरी पाठवा. संध्याकाळच्या आत आई येऊन घेऊन गेली.

१८ जाने., गुरु.
मॅडमना सगळं सांगितलं. "तिकडे जायला कोणी सांगितलं होतं?" एवढंच बोलल्या. म्हटलं काम सोडते. "ते नंतर. आधी पेशंट."
आई-लेक आल्या. नवी गोळी सुरू, जुनी हळूहळू कमी करायची. आईला ताकीद, पोरीला नजरेआड करायचं नाही.
रझिया जाताना म्हणाली, "तुम्ही शब्द मोडलात."
"हो."


२३ जाने., मंगळ.
सलीम दवाखान्याच्या फाटकाशी. वाटलं, भांडायला आला.
"तुम्हीच का त्या?"
हो म्हटलं.
"दवाई से ऐसा होता है क्या? दुपारी बाराला झोपते, बोललं की रडते?"
होऊ शकतं म्हटलं. नक्की काय ते मॅडमही अजून शोधतायत.
स्कूटरची चावी फिरवत म्हणाला, "दोन साल मी तिला कामचोर बोललो." मग, "पण लपवलं तिने. अम्मी बोलते, लपवणारीला कसं नांदवायचं?"
एवढं बोलून गेला.

८ फेब्रु., गुरु.
रझिया आली. जुनी गोळी निम्म्यावर. सतरावा प्रश्न मॅडमनीच विचारला, मी दाराशी.
"येतो अजून. रोज नाय."
माझ्याशी बोलत नाही. आज मात्र जागी दिसली. भिंतीवरचा तक्ता वाचत होती.
सलीमचा पत्ता नाही. सासूचा निरोप: तलाकचा कागद पाठवून देऊ. आई हे सांगताना लेकीचा हात सोडत नव्हती.

२ मार्च, शुक्र.
सकाळी सलीम पुन्हा फाटकाशी. शर्टाची बटणं खालीवर.
काल खारबावला गेला होता, तलाकची बोलणी संपवायला. अंगणात बसले होते. बोलता बोलता रझियाला फिट आली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.
"मी भागलो. रस्त्यापर्यंत. खरं सांगतो."
मग?
"मग वाटलं, ही अकरा वर्षांची असल्यापासून... परत आत गेलो. आई बोलली कुशीवर कर, तर केली. शुद्धीवर आली तेव्हा मला बघून तोंड झाकलं तिने."
मला वाटलं पुढे सांगेल. त्याने विचारलं ते एवढंच: पुन्हा आली तर तोंडात काही घालायचं का, चप्पल हुंगवायची का? म्हटलं काहीच नाही. कुशीवर ठेवा, कपडे सैल करा, जवळ थांबा. दोनदा म्हणवून घेतलं त्याने माझ्याकडून.
"पुढच्या गुरुवारी मॅडम किती वाजता येतात?"
दहाला.
तिला घरी नेणार का, मी विचारलं नाही. तो स्कूटर चालू करून वळला. खारबावकडे गेला की भिवंडीकडे, गर्दीत दिसलं नाही.